शेवटच्या बाकावरचा मंगळवार

लुफेयोजवळ एकच शब्द उरला होता, दिवा. भूक लागली तरी दिवा, ऊन अंगावर आलं तरी दिवा, बायकोला हाक मारायची तरी दिवा. झटका आला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि बाकीचे सगळे शब्द एकदमच गेले. हा एवढा एक मागे का राहिला, ते कुणालाच सांगता आलं नाही. त्याची सगळी जवानी होडीच्या टोकाशी दिवा धरून गेली होती, म्हणून असेल.

माझी दवाखान्याची वाट मलावी सरोवराच्या काठाने, एका जुन्या गोरखचिंचेखालून जाते. तिथेच चटईवर तो बसलेला असे. सकाळच्या त्या दुधाळ उजेडात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते समजत नाही, होड्या हवेत थांबल्यासारख्या वाटतात. एकोणीस वर्षं मी हे बघतेय, तरी रोज दोन मिनिटं माझं भान हरपतं. पण त्या वर्षी मी पाण्याकडे बघायची ती लुफेयोकडे बघायला लागू नये म्हणून.

कारण सांगून टाकते, लपवून काही फायदा नाही. मी एनिफा, इथल्या आरोग्य केंद्रातली नर्स. दर मंगळवारी रक्तदाबवाल्यांना तपासायचं, अठ्ठावीस गोळ्या द्यायच्या आणि चार मंगळवारांनंतरची तारीख त्यांच्या वहीत लिहायची, हे माझं काम. आमच्याकडे ज्याची त्याची तब्येतीची वही ज्याच्या त्याच्या घरी असते. तारीख चुकवणाऱ्याच्या वहीत मी लाल पेनाने ‘चुकार’ लिहायची, आणि चुकाराला किंवा उशिरा येणाऱ्याला शेवटच्या बाकावर बसवायची. सगळे संपले की मग त्याचा नंबर. हा नियम सरकारचा नव्हता. माझा होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

लुफेयो पाच वेळा अगदी वेळेवर आला. सहाव्या वेळी अकरा वाजून गेल्यावर आला, हाताला माशांचे खवले चिकटलेले, डोळे लाल.

“बाम्बो लुफेयो, ही काय यायची वेळ झाली?” मी विचारलं. पुरुषाला इथे आदराने बाम्बोच म्हणतात.

“सिस्टर, होडी आत्ता लागली हो काठाला.”

“होडी काय, रोजच लागते. मागे बसा.”

तो मागे बसला आणि भिंतीला डोकं टेकून झोपी गेला. मी साडेबाराला खिडकी बंद केली तेव्हाही झोपलेलाच होता. “झोपायलाच आलाय तर झोपू दे बिचाऱ्याला,” असं मी मोठ्याने म्हणाले, आणि दोघंचौघं हसले. मला बरं वाटलं. त्याला जाग आली तेव्हा कुलूप लागलं होतं. तो पुन्हा आला नाही, आणि चौथ्या महिन्यात त्याला झटका आला.

पुढच्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे डॉक्टर लुसुंगू यायला लागली. उत्तरेकडची बारीक चणीची बाई, मेडिकल कॉलेजात फॅमिली मेडिसिन शिकवायची. एका गुरुवाराआड यायची, सकाळी रुग्ण तपासायची आणि दुपारी आम्हाला घेऊन आंब्याखाली बसायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, “आपण इथे संशोधन करायला शिकूया.”

वायसन, आमचा मेडिकल असिस्टंट, लगेच म्हणाला, “साबण आणलाय का?”

आम्ही सगळे खो खो हसलो, डॉक्टर तेवढी हसली नाही. तिला समजावून सांगावं लागलं. आजवर संशोधन म्हणजे पांढरी गाडी यायची, तरुण मुलं उतरायची, बायकांना शंभर प्रश्न विचारायची, प्रत्येकीला साबणाची वडी द्यायची आणि निघून जायची. उत्तरं कुठे गेली, कुणाला ठाऊक. साबण मात्र चांगला होता.

“साबण नाही,” डॉक्टर म्हणाली. “या वेळी प्रश्न तुमचे. तुम्हाला रोज जे खुपतं, त्यातलं एक काहीतरी आणा.”

मी पुढच्या वेळी माझा प्रश्न छान अक्षरात लिहून नेला: मासेमारांच्या वस्तीतले लोक औषध अर्ध्यावर का सोडतात?

“तुम्हाला काय वाटतं, का सोडतात?”

“आळस. बेपर्वाई. मी डोंगराकडची आहे, डॉक्टर. आमच्याकडे बटाट्याच्या शेतावरून बायका दोन तास चालत दवाखान्यात येतात. हे लोक हाकेच्या अंतरावर राहतात आणि येत नाहीत.”

“मग उत्तर तर तुमच्याकडे आहेच. प्रश्न कशाला विचारताय?”

मला राग आला. दोन गुरुवार मी तिच्याशी धड बोलले नाही. पण तिने हट्ट सोडला नाही. का सोडतात ते राहू द्या, म्हणाली, कधी सोडतात तेवढं बघा. प्रत्येक माणसाची एक ओळ, प्रत्येक भेटीचा एक ठिपका.

परवानगीचे कागद जिल्ह्याला गेले, तिथून कॉलेजच्या समितीकडे गेले आणि पाच महिन्यांनी उंदराने कोपरा कुरतडलेल्या पाकिटातून परत आले. गावच्या प्रमुखाने एकच विचारलं, “रक्त घेणार का?” मी म्हटलं, “नाही, नुसत्या तारखा.” तो म्हणाला, “तारखा घ्या, लागतील तेवढ्या.”

मग त्या दुपारी सुरू झाल्या. आयुष्यात मी इतकी शांत कधी बसले नव्हते. रुग्ण संपलेले, पत्रा तापून टकटक वाजतोय, खिडकीतून सुकत्या माशांचा वास, आणि मी रजिस्टरातून एकेक नाव काढून मोठ्या कागदावर ठिपका ठेवतेय. एकशे बारा माणसं. ठिपका ठेवला की तो माणूस त्या दिवशी कसा दिसत होता ते आठवायचं. कुणाच्या कडेला नातू होता, कुणी माझ्यासाठी पपई आणली होती. मला वाटायचं, सगळी वस्ती दबक्या पावलांनी खोलीत येतेय आणि आपापल्या ओळीत जाऊन बसतेय. कधी डोळा लागायचा, आणि जाग आली की पेन हातातच असायचं.

रस्त्याकडच्या शेतकऱ्यांचे ठिपके कुठेही थांबत होते, त्यांना काही शिस्त नव्हती. पण काठावरच्या मासेमारांचे ठिपके चार, पाच, सहा असे नेटाने यायचे आणि मग एकदम बंद. त्रेचाळीस जणांनी औषध सोडलं होतं, त्यातले एकतीस काठावरचे. आळशी माणूस पहिल्या दुसऱ्या वेळीच सोडतो. हे पाच पाच महिने उन्हातून वेळेवर येऊन मग आळशी झाले होते का?

सदतिसावी ओळ लुफेयोची होती. पाच ठिपके. सहाव्याच्या जागी पेन अडलं. आला तर होता तो. पण रजिस्टरात त्याची सही नव्हती, कारण मी त्याला खिडकीपर्यंत येऊच दिलं नव्हतं. शेवटी तिथे एक पोकळ गोल काढला.

दुसऱ्या दिवशी मी गोरखचिंचेखाली थांबले. लुफेयोची बायको, झियोने तिचं नाव, मांडवावर उसिपा पसरत होती, ते बोटभर लांबीचे रुपेरी मासे. मला बघून तिने कावळ्यांना हाकलायची काठी खाली ठेवली.

“काय सिस्टर, वाट चुकलात वाटतं? का आणखी एकदा लाल पेन चालवायचंय?”

“झियोने, मला बाम्बोंची वही बघायचीय.”

“बघा की. आता काय, ती उशीखालीच असते. तब्येत गेली, वही राहिली.”

मी वही घेऊन लुफेयोसमोर बसले. वर्षभराने त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओठ एका बाजूला उतरलेला, पण डोळे जागे होते. मी एकेका तारखेवर बोट ठेवत गेले. “बाम्बो, या दिवशी तुम्ही आलात. याही दिवशी आलात. याही.” तो मान हलवत होता. मी शेवटच्या तारखेवर बोट ठेवलं, आणि तो डाव्या हाताने माझं बोट दाबून म्हणाला, “दिवा.”

“हो बाम्बो.”

“दिवा, दिवा!” तो चिडला. त्याने माझं बोट उचलून पहिल्या तारखेवर नेलं, मान जोराने नकारार्थी हलवली आणि मूठ मिटली. पुन्हा शेवटच्या तारखेवर आणलं, मूठ उघडून बोटं पसरली. “दिवा.”

मी झियोनेकडे बघितलं. तिने नुसती हनुवटी उडवून घरांकडे दाखवलं. प्रत्येक घराच्या वळचणीला होडीवरच्या गॅसबत्त्या लटकत होत्या, काचा पुसलेल्या, वाऱ्यावर हलत असलेल्या. आणि त्यांच्या वर, भर सकाळी, पश्चिमेकडच्या टेकड्यांवर पांढुरका, जवळजवळ पुरा चंद्र अजून मावळायचा होता.

“चांदणं असलं की उसिपा दिव्याकडे येत नाही,” झियोने म्हणाली. “मग आठ-दहा दिवस दिवे घरी, पुरुष घरी. जाळी शिवतात, भांडतात, दवाखान्यात जातात. अंधाऱ्या रात्री आल्या की सगळे पाण्यावर. सकाळी होडी लागली की आम्ही बायका मासे पसरणार, ते आडवे होणार. तुमच्या खिडकीशी येणार कोण?”

हे मला माहीत नव्हतं असं नाही. एकोणीस वर्षं मी इथे उसिपा विकत घेतेय. चांदण्यात तो महागला की न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, गोळा वाळक्या भाजीशी खाताना मीच चंद्राच्या नावाने बोटं मोडते. पण माझ्या स्वयंपाकघरातला चंद्र माझ्या रजिस्टरात कधी आलाच नव्हता.

“मग हे मला आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“तुम्ही कधी विचारलंत?”

“दर वेळी विचारलं! का आला नाहीत म्हणून.”

“तो काय प्रश्न झाला, सिस्टर? ते तर रागावणं झालं. कधी यायला जमेल असं विचारलं असतं, तर शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.”

ती पुन्हा मासे पसरायला लागली. मी वही परत उशीखाली ठेवली.

वायसनने मशिदीतून चंद्राच्या तिथींचं कॅलेंडर मागून आणलं आणि माझ्या कागदाच्या वरच्या कडेला प्रत्येक महिन्याची पौर्णिमा गोल करून काढली. मग सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसायला लागलं. चंद्र पुन्हा पुरा व्हायला साडेएकोणतीस दिवस लागतात. माझा मंगळवार अठ्ठावीस दिवसांनी यायचा. दीड दिवसाचा फरक. माणूस पहिल्यांदा यायचा तो चांदण्यात, मोकळा असताना. मग त्याची तारीख चंद्राच्या मानाने दर वेळी दीड दिवस मागे सरकत, पाचव्या सहाव्या महिन्यात अलगद अंधाऱ्या रात्रींत जाऊन पडायची. एकतीसपैकी सव्वीस जण असेच सरकत सरकत गेले होते. कागदभर तिरक्या रांगांनी ठिपके चालले होते, आणि काठाशी येऊन बुडत होते.

“सिस्टर,” वायसन हळूच म्हणाला, “यांना आपण ढकललंय.”

“आपण नाही,” मी म्हटलं. “तारीख मी लिहायची.”

डॉक्टर लुसुंगू गुरुवारी आली, कागद बघितला. मग तिने आंब्याखाली माझ्यासाठी चहा आणि तळलेली गोड मंदासी मागवली, स्वतःच्या पैशांनी. मी एकच विचारलं, “लुफेयोला झटका माझ्यामुळे आला का?”

“ते कुणालाच सांगता येणार नाही. गोळ्या घेत राहूनही आला असता कदाचित. हे ठिपके सगळ्या वस्तीबद्दल बोलतात, एकट्या माणसाबद्दल नाही.”

हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला एक तर शिक्षा हवी होती, नाही तर माफी, आणि ती बाई मला नुसतं खरं सांगत होती.

चार महिने खपून आम्ही निबंध लिहिला. जिल्ह्याच्या साहेबांसमोर, ब्लँटायर शहरातल्या सभेत तो मी वाचायचा असं ठरलं. शेवटच्या बाकाबद्दल त्यात चार ओळी होत्या. डॉक्टर म्हणाली, “याने तुमच्या नोकरीला त्रास होऊ शकतो. जरा मोघम लिहूया.” आणि तिने स्वतःच वाक्य फिरवून दिलं. मी सुटकेचा श्वास टाकला, खोटं कशाला बोलू.

पण तिचाच एक नियम होता, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना आधी वाचून दाखवायचं. दिवे घरी आले तेव्हा सगळा काठ गोरखचिंचेखाली जमला. बायकांनी माझ्यासाठी थोब्वा आणला होता, मक्याचं गोडसर, जाडसर पेय. मी वाचत होते, पाणी चकाकत होतं, दोनतीन म्हातारे ऐकता ऐकता पेंगत होते. मी सदतिसाव्या ओळीपाशी आले. “हा माणूस सहाव्या वेळी उशिरा आला. त्याला शेवटच्या बाकावर बसवण्यात आलं. त्याला झोप लागली. औषध न मिळता खिडकी बंद झाली.”

“बंद झाली?” झियोने म्हणाली. “आपोआप? वाऱ्याने का?”

कुणी हसलं नाही. लुफेयो माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग असता तरी मला चाललं असतं. तो फक्त पुढे काय होतं ते ऐकायला थांबला होता.

मी पेन काढलं, ते वाक्य खोडलं, त्यावर लिहिलं आणि वाचलं, “खिडकी मी बंद केली. तो झोपला होता, आणि मी त्याला उठवलं नाही. त्याच्यावर हसले.” कागद पुढे वाचवेना. लुफेयो डाव्या हाताने शेजारची चटई थोपटत राहिला, आणि मी तिथे बसेपर्यंत थांबला नाही. बाकीचा निबंध मी त्याच्या शेजारी बसून वाचला.

ब्लँटायरला थंडगार खोलीत, कमरेला नवं रंगीत कापड, चितेंजे, गुंडाळून, मी ते वाक्य होतं तसं वाचलं. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. एका प्राध्यापकाने विचारलं, “मग आता काय करणार?” मी म्हटलं, “मंगळवार तोच ठेवणार, पण पौर्णिमेजवळचा. गोळ्या कधी अठ्ठावीस, कधी पस्तीस. आणि चुकार हा शब्द रजिस्टरातून काढणार.” नोकरी गेली नाही. जिल्ह्याकडून नंतर एक पत्र आलं, त्यात माझ्या स्पष्टवक्तेपणाची नोंद घेतल्याचं लिहिलं होतं. हे कौतुक होतं की ताकीद, ते मला अजून कळलेलं नाही.

पौर्णिमेचा पहिला मंगळवार उजाडला. घराघरांवर दिवे लटकत होते, आणि अंगण पुरुषांनी भरलं होतं. कुणी जाळं सोबत घेऊन आलेला, बाकावर बसून शिवत होता. वायसन प्रत्येकाला विचारत होता, “पुढच्या वेळी कधी जमेल?” आणि लोक आधी बिचकून मग खुशीत सांगत होते. सरोवरावरून येणारा वारा खोलीतले कागद उलटत होता.

झियोने लुफेयोला घेऊन आली. मी दारातूनच हाक मारली, “बाम्बो, इकडे! पहिला नंबर तुमचा.” त्याने ऐकलं, मान हलवली, काठी टेकत, पाय ओढत सगळ्यांना ओलांडून गेला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. तो मला डिवचत होता का? नव्हता. त्याला तीच जागा दिली होती मी, म्हणून तो तिथे गेला.

मी यंत्र उचललं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. एकोणीस वर्षांत त्या बाकावर मी पहिल्यांदाच बसले. तिथून खिडकी फार लांब दिसते. मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब मोजला, आकडा वहीत लिहिला आणि गोळ्या त्याच्या डाव्या हातात ठेवल्या. मग बाकीच्यांनाही मी तिथेच बोलावलं, एकेकाला.

दुपार चढली तसा लुफेयो पेंगायला लागला. भिंतीला टेकता टेकता त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. झियोने त्याला उठवायला पुढे झाली, मी हातानेच थांबवलं. साडेबारा वाजले. अंगण रिकामं झालं, सरोवर पांढरं होऊन गेलं, वायसनने कुलूप आणि किल्ली माझ्या हातात आणून ठेवली आणि जेवायला निघून गेला.

मी कुलूप मांडीवर घेऊन बसून राहिले. खिडकी उघडी होती. त्याची झोप होईपर्यंत मला कुठेच जायचं नव्हतं.